अकरावा फर्मा

वार शनिवार, वेळ दुपारी साडेतीनची. स्थळ, बाजारामागच्या गल्लीतील एका छापखान्याचा तळमजला. कागद यंत्रावर चढला होता, शाई तयार होती आणि सारे काम एका सहीसाठी अडले होते. सही करायची ती प्रुफे तपासणाऱ्या काकांनी. आणि काका अकराव्या फर्म्यावर, म्हणजे कादंबरीच्या शेवटच्या सोळा पानांवर, भिंग धरून बसले होते.

"अहो काका, पुस्तक छापायचंय, दागिना पारखायचा नाहीये," छापखानेवाला म्हणाला. तो लेखिकेचा शाळासोबती. यंत्र त्याचे, जागा त्याची आणि उतावीळपणाही त्याचाच.

"दागिन्यात खोट निघाली तर तो मोडता येतो," काका मान वर न करता म्हणाले. "छापलेलं वाक्य मोडता येत नाही."

संगणकापुढे बसलेली टायपिस्ट लेखिकेकडे पाहून हसली. ती लेखिकेची जिवलग मैत्रीण; ऑफिस सांभाळून, रोज चार पाने, अशी तिने सगळी जुळणी केली होती. "तुझ्या काकांनी माझ्या अनुस्वारांचा जीव घेतला गं. आता स्वप्नातसुद्धा टिंबं येतात."

लेखिका हसली नाही.

तिची ही पहिली कादंबरी एकाही प्रकाशकाने हाती धरली नव्हती. ती उभी राहिली ती या तिघांच्या बळावर: एकाचे यंत्र, एकीची बोटे आणि काकांचे डोळे. कादंबरी होती तिच्या वडिलांवरची. एका मोठ्या मुद्रणालयात ते कागदाच्या गोदामाचे भांडारी होते. वीस वर्षांपूर्वी गोदामाला आग लागली आणि ते आत सापडले. भांडारी विडी ओढता ओढता झोपी गेले आणि जागे झालेच नाहीत, असा निष्कर्ष दोघांच्या चौकशी समितीने काढला. दार जळून कोळसा झाले होते. आग लागली तेव्हा ते उघडे होते की बंद, हे कळायला मार्ग उरला नव्हता. विडीला जन्मात न शिवलेल्या माणसाच्या नावावर ती आग कायमची लिहिली गेली.

तो डाग पुसण्यासाठी हे पुस्तक होते. उद्या सकाळी मुद्रणालयाच्या जुन्या लोकांचा मेळावा भरणार होता. समितीतले दोघेही त्यात येणार होते. इतकी माणसे पुन्हा एका छताखाली येण्याची शक्यता नव्हती.

काका त्याच मुद्रणालयात चाळीस वर्षे मुद्रितशोधक होते आणि भांडाऱ्यांचे सर्वांत जवळचे मित्र. आगीच्या दिवशी आपण तापाने घरी पडून होतो, असे ते सांगत. नवव्या प्रकरणात तसा उल्लेख होता. त्या पानावर काकांनी फक्त एक स्वल्पविराम हलवला होता.

"हे वाक्य," ते म्हणाले.

छापखानेवाल्याने वाकून पाहिले आणि कपाळाला हात लावला. 'धुराने डोळे मिटत असतानाही ते "वाचवा, वाचवा" असे ओरडत राहिले.'

"पुन्हा तेच? पहिल्या प्रुफात खोडलंत, दुसऱ्यात खोडलंत. हिनं दोन्ही वेळा परत घातलं. आता तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा. तीस वेळा समोर आलं तर तीस वेळा."

"व्याकरण चुकलंय का?" टायपिस्टने विचारले.

"व्याकरण चोख आहे. वाक्य खोटं आहे."

"कादंबरीच आहे ना, काका? सगळं रचलेलंच की."

"रचलेलं असावं, खोटं असू नये. ज्याला यातला फरक दिसत नाही, त्यानं लेखणी धरू नये."

लेखिका टेबलाशी आली. "मग नुसतं खोडता का? दोन्ही वेळा रेघ मारलीत आणि समास कोरा सोडलात. चूक दाखवणाऱ्यानं दुरुस्तीही लिहावी, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"पुस्तक तुझं आहे, बाळ."

"बाबाही माझेच आहेत. उद्या ते याच वाक्यानिशी लोकांपुढे उभे राहतील. खोटं वाक्य घालू त्यांच्या तोंडी?"

काकांनी भिंग पुसले. ते स्वच्छच होते; तरी पुन्हा पुसले.

"पाचला वीज जाते आपल्याकडे," छापखानेवाला पुटपुटला. "नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नका म्हणजे झालं."

काका त्या ओळीकडे पाहत राहिले. तीन आठवडे ती त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत होती. चुकलेल्या ओळीखाली त्यांनी आयुष्यात कधी सही केली नव्हती, आणि आता सही केली की ही ओळ पाचशे प्रतींत तशीच उमटणार होती.

"तो असा ओरडणारा माणूस नव्हता," ते हळूच म्हणाले.

"मग काय म्हणाले असते ते? लिहा."

तिने लाल पेन त्यांच्या हातात दिले. काकांनी ते वाक्य सरळ रेषेत खोडले आणि समासात तीन शब्द लिहिले. अक्षर टपोरे आणि ठाम आले. फार वर्षांनी एखादे वाक्य आपल्या जागी बसावे, तसे त्यांना वाटले.

टायपिस्टने ते मोठ्याने वाचले. "'पंडित, दार उघड.' आता हा पंडित कोण? या नावाचं कोणी कादंबरीत नाहीच."

"बाबा काकांना पंडित म्हणायचे," लेखिका म्हणाली. "फक्त बाबाच."

"अगं बाई! शेवटच्या क्षणी जिवलग मित्राची आठवण. बघ, काटा आला माझ्या अंगावर."

"सुरेख आहे," छापखानेवाला म्हणाला. "आता तरी ठोका सही, काका."

काकांनी पेन टेकवले. लेखिकेने त्यांच्या हाताखालून फर्मा अलगद ओढून घेतला. ते तीन शब्द तिने दोनदा वाचले. मग कागद नीट घडी करून छातीशी धरला.

"तापानं घरी पडलेल्या माणसाला 'दार उघड' असं कुणी सांगत नाही," ती म्हणाली. "तुम्ही दाराबाहेर होतात, काका."