पहिली किक

इंजिनाच्या झाकणात इंद्रभानला स्वतःचे दात दिसले, तेव्हा कुठे त्याने हातातला कापसाचा बोळा खाली ठेवला.

अकरा दिवस तो पंजाबराव पाटलांच्या गोठ्यासमोर उकिडवा बसून होता. मोटारसायकल दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, लष्कराच्या लिलावात घेतलेली, मग बारा वर्षं कडब्याखाली पडलेली. सीट उंदरांनी खाल्ली होती, टाकी कोंबड्यांनी घाण केली होती. इंद्रभानने इंजिन उतरवून सगळं सुटं केलं. रॉकेलात भिजवलेल्या पॉलिश पेपरने, आधी जाड मग बारीक, झाकणं घासली. बोटांची सालं गेली. व्हॉल्व्ह तर त्याने दोन्ही तळव्यांत रवी घुसळावी तसे फिरवून फिरवून बसवले, वरून रॉकेल ओतलं तरी थेंब झिरपू नये असे. मलकापूरच्या कापसाच्या जिनात तो नऊ वर्षं इंजिनावर राबला होता, पण तिथं मिस्त्री म्हणून नाव दुसऱ्याचं असायचं. हे पहिलं इंजिन, जे सगळं त्याच्या एकट्याच्या हातचं.

पहिल्याच दिवशी पाटील म्हणाले होते, "पहिली किक तुही, इंद्रभान. साऱ्या अमडापुरासमोर."

त्या एका किकेसाठी तो अकरा दिवस घरी जेवायला वेळेवर गेला नव्हता.

आज ती वेळ आली होती. इंजिन गाडीवर चढलं होतं. प्लग त्याने काढून ठेवला होता; त्या भोकात दोन थेंब तेल सोडायचं, प्लग परत लावायचा, की झालं. ओसरीवर पाटलांची माणसं चहा पीत बसली होती. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती, आणि पाटील याच गाडीवर बसून गावं फिरणार होते.

पाटलांची आई, मनकर्णाबाई, पितळी लोटा घेऊन बाहेर आली. कडुलिंबाची डहाळी लोट्यात बुडवून तिने टाकीवर, हँडलवर, इंजिनावर सपासप शिंतोडे मारले. वास आला तेव्हा इंद्रभानला कळलं, पाणी नव्हतं ते. गोमूत्र होतं.

आरशासारख्या झाकणावरून पिवळे ओघळ उतरले. दोन थेंब त्याच्या ओठावरही उडाले.

"रागावू नको बाप्पा," म्हातारी म्हणाली, आणि मायेनेच म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तुह्या कामाले नावं नाई ठेवत म्या. पण माहं लेकरू बसन याच्यावर. देवघरापुढून जाईन."

"आम्ही बौद्ध झालो, माय. पाच सालं झाले."

"झाले असान. हात तं तेच हायेत ना?"

ओसरीवर चहा पिणाऱ्यांतला निवृत्ती अण्णा खोखो हसला. काल याच ओसरीवर पाटलांनी भाषणाची तालीम केली होती, की आता कोणी वरचा नाही अन् कोणी खालचा नाही. याच निवृत्तीने टाळ्या पिटल्या होत्या.

इंद्रभानने पाटलांकडे पाहिलं. पाटील मिशीचा चहा पुसत होते.

"जाऊ दे ना बे. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेतं? फडकं मार अन् कर सुरू."

इंद्रभानने ओठावरचे थेंब बाहीला पुसले.

"वरवरच काऊन शिंपडता, माय?" तो म्हणाला. आवाज एकदम नीट. "माहे हात तं आतच जास्त लागले. पिस्टनले, रिंगांले, व्हॉल्व्हले. वरून शुद्ध अन् आतून बाटलेली गाडी कशी चालन पाटलाच्या घरात?"

म्हातारीला टोमणा कळला नाही. तिला ते पटलं.

"खरं हाये तुहं. कोठून जाते आत?"

इंद्रभानने काळ्या बोटाने प्लगचं भोक दाखवलं.

गाडीतलं काही कळणारा तिथं दुसरा एकच माणूस होता, पंजाबराव. ते ताडकन उठले. "थांब, माय." मग त्यांनी ओसरीकडे पाहिलं. सहा माणसं बसली होती, सहा गावांची मतं घेऊन. निवृत्ती अण्णाचं हसू गेलं होतं. पाटील आता काय बोलतात, याच्यासाठी त्याने बशी तोंडाशी तशीच धरून ठेवली होती.

इंद्रभान वाट पाहत राहिला. 'नको माय, मशीन मरते.' एवढंच बोलायचं होतं. त्याच्या स्वतःच्या जिभेवर ते येऊन बसलं होतं. त्याने दात आवळले. बोलतील तर पाटील बोलतील.

"थेंबभरच टाक, माय," पंजाबराव म्हणाले आणि खाली बसले.

देवाचं काम थेंबभर करायची मनकर्णाबाईला सवय नव्हती. तिने लोटा कलता केला. अर्धं बाहेर सांडलं, अर्धं बुडबुड करत आत गेलं. लोटा पार उपडा होईपर्यंत ती हलली नाही.

"झालं," ती म्हणाली. "आता मार तुही किक."

"मार ना बे," पाटील म्हणाले. त्यांची नजर प्लगच्या भोकावरच होती. "सारे पाहून राह्यले."

इंद्रभानने प्लग उचलला, ओसरीपाशी गेला आणि तो तेलकट प्लग पाटलांच्या चहाच्या बशीत ठेवला. बशी वाजली.

"तुम्हीच मारा, पाटील. आता तुमची झाली गाडी."

मग तो गोठ्यापाशी आला आणि रॉकेलच्या डब्यात त्याने दोन्ही हात बुडवले. एरवी तो काळ्या हातांनीच घरी जायचा, रस्त्याने लोकांना ते दिसावेत म्हणून. आज त्याने कोपरापर्यंत घासले. मग माती घेतली, पुन्हा घासले. सालं गेलेल्या बोटांतून रक्त आलं, तरी नखं घासायला घेतली.

मनकर्णाबाई रिकामा लोटा घेऊन बघत उभी होती.

"हात काऊन धुऊन राह्यला रे एवढे?"

"गाडीले लागले, माय."