मिशी आणि मास्क

दिल्ली कँटमधल्या क्वार्टरच्या बाथरूममध्ये सुभेदार संपतराव स्नॉर्केलिंगचा मास्क लावून बादलीत तोंड बुडवत होते. निवृत्त होताच बायकोला घेऊन अंदमानला जायचं होतं. तिथल्या शांत खाडीत पाण्याखालचे रंगीत मासे बघायची सखुबाईंची हौस. “तुम्ही हात धरलात तरच उतरेन,” त्यांनी बजावलं होतं. दर वेळी मिशीखालून मास्कमध्ये पाणी शिरायचं. व्हॅसलीन चोपडूनही शिरलं. “पप्पा, मिशी काढावी लागेल,” लेक म्हणाली. सखुबाई तडकल्या. “काही नको. मी मिशी बघूनच होकार दिला होता. मासे मोबाइलवर बघेन.” संपतरावांनी दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा ओठावर नुसती पांढरट पट्टी होती. “मिशी परत येईल. आजवर तुझा हात धरायला घरी होतो कुठे?” सखुबाईंनी पटकन स्वतःचा मास्क चढवला. पाण्यात न उतरताच त्याची काच आतून ओली झाली.