गाळलेला शब्द

आयसीयूतून डॉक्टर बाहेर आला. सबनीसबाईंचाच जुना विद्यार्थी. परवा म्हणाला होता, “काकांना चान्स डेफिनेटली आहे.” काल म्हणाला, “पॉसिब्ली आहे.” आज मात्र त्याने बाईंच्या चपलांकडे बघत सगळं वाक्यच इंग्रजीत उरकलं, “देअर इज हार्डली एनी चान्स, बाई.”

हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. त्याच्याच वर्गात बाईंनी शिकवलं होतं. भाषांतरात तो शब्द कुणी गाळला, की बाई सगळे गुण कापायच्या.

मागून सासूबाईंनी त्यांचा पदर ओढला. त्यांना सबंध वाक्यातला एकच शब्द कळला होता. “चान्स म्हणाला ना गं, माझ्या बाळूला?”

बाईंनी डॉक्टरकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

“हो आई. चान्स आहे म्हणाला.”

“मग फोन कर घरी. नातवाला म्हणावं, मऊ भात टाकून ठेव.”

बाईंनी लेकाला फोन लावला. सासूबाई शेजारीच कान देऊन उभ्या होत्या. घरात कधी चुकूनही इंग्रजी न बोलणाऱ्या बाई लेकाशी पहिल्यांदाच इंग्रजीत बोलल्या.