तेराचा पाढा

शाळेच्या व्हरांड्यात बातमी वाचून संपली. केंद्रप्रमुख रामनाथ सरांनी चष्मा काढला, वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती टेबलावर, चहाच्या कपांच्या मधोमध ठेवली. शाळा व्यवस्थापन समितीची माणसं आपापल्या पायांकडे पाहत होती. कुंपणापलीकडे ऊस उभा होता. त्याच्या पात्यांची सळसळ व्हरांड्यापर्यंत येत होती.

बातमी लिहिणारा नौशाद टेबलाच्या कोपऱ्याशी होता. ओतूरच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान; उरलेल्या वेळात तो वार्ताहर. घर मात्र याच गावात, उसापलीकडच्या मळ्यात. सकाळी तो निघे तेव्हा इफ्रा, त्याची आठवीतली मुलगी, वेणी घालत असे. परते तेव्हा ती झोपेला आलेली असे. तिचा मधला दिवस त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

आठवीतल्या निम्म्या मुलांना भागाकार येत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. वर्गांतली फरशी उखडली आहे आणि तिच्या धुळीनं मुलींचे घसे बसतात, असंही. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत होतं, की शाळा पाचाऐवजी चारलाच सुटते. खाली बंद दाराच्या कुलपाचा फोटो.

“भागाकाराचं खरं आहे,” मुख्याध्यापिका साधनाबाई म्हणाल्या. “ती जबाबदारी माझी. फरशीचंही खरं आहे.”

“आणि कुलूप?”

बाईंनी कुंपणापलीकडच्या उसाकडे पाहिलं.

“खुलासा नसेल तर मला तुमच्या बदलीची शिफारस करावी लागेल,” रामनाथ सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “शाळा आजपासून पाचलाच सुटेल. हा नियम मी केलेला नाही, बाई.”

समितीचे अध्यक्ष गेणू यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

नौशादनं खिसा चाचपला. त्यात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. ऊस वाढला की इफ्राचा घसा बसे आणि तोड होईपर्यंत बसलेलाच राही. त्यानं मात्र ते दिवस उसाशी कधी जोडून पाहिले नव्हते. खरं तर त्या घशापायीच त्यानं ही बातमी लिहिली होती.

“फरशी तरी आता हुईल,” तो म्हणाला. “पोरींचे घसे वाचतील.”

समितीतल्या लंकाबाई हसल्या. “धुळीनं कुठं घसा बसतोय, भाऊ?”

“लंके, गप,” गेणू पुटपुटले.

“का गप? बाईंवर बालंट आलंय आन् मी गप बसू?” त्या नौशादकडे वळल्या. “मळ्याकडच्या पोरी उसातनं जाताना पाढे म्हणत्यात. वरडून. बिबट्याला माणसाचा आवाज नको आसतो. पाचला सोडलं तर उसात अंधार व्हतोय, म्हणून चारला. सकाळी शाळा तासभर आधी भरती, ते न्हाई दिसलं तुमाला?”

“मला कुणी बोललं न्हाई.”

“पेपरवाल्याला सांगायचं म्हंजी तालुक्याला सांगायचं. तिथल्या साहेबांस्नी कळलं की बिबट्याचं कारण काढून सातवी-आठवी ओतूरला हलवतील. मग पोरी घरीच. तुमच्या बायकूला, खातूनला समदं ठावं हाय. तिनंच आमाला बजावलंय, आमच्या घरात पेपर ऱ्हातो, जपून बोला.”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

“इफ्रापण वरडती?” नौशादनं विचारलं.

“तीच म्होरं आसती. लई खडा आवाज. तेराचा पाढा त्या बिबट्याला बी पाठ झाला आसंल.”

रामनाथ सरांनी टेबलावरची घडी पुन्हा उचलली. ती उलगडली नाही. “पण कुलूप, लंकाबाई? शाळा सुटल्यावर शिक्षकानं थांबायला हवं.”

“बिबट्या मागनं येतो, साहेब. रांगंच्या शेवटाला मोठं माणूस नको का?” त्यांनी हनुवटीनं साधनाबाईंकडे दाखवलं. “कुलूप लावून ह्या रोज शेवटाला चालत्यात. मळ्यापत्तोर.”

त्याच वेळी चारची घंटा झाली. नवा हुकूम अजून कुणी वर्गात पोचवला नव्हता. मुलगे सायकलींवरून डांबरी रस्त्यानं निघून गेले. मळ्याकडच्या मुली मैदानात उतरल्या आणि एकामागोमाग एक उभ्या राहिल्या. इफ्रा सर्वांत पुढे. सर्वांत मागे, एक माणूस मावेल एवढी जागा त्यांनी सवयीनं मोकळी सोडली होती.

साधनाबाई उठल्या.

“बसा, बाई,” रामनाथ सर म्हणाले. “लेखी खुलासा झाल्याशिवाय मला उठता येत नाही, आणि तुम्हालाही.” मग ते नौशादकडे वळले. “पत्रकार, बातमी तुमची. तुम्हीच सांगा. उद्या काय छापणार, शाळा चारला सुटते की पाचला?”

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मैदानातून मुलीही व्हरांड्याकडे पाहत होत्या, बाईंची वाट बघत. ऊन उसाच्या तुऱ्यांवर आलं होतं. खाली, पात्यांच्या आत, संध्याकाळ आधीच झाली होती.

नौशाद उठला. औषधाची बाटली त्यानं टेबलावर ठेवली, बातमीशेजारी. मग तो पायऱ्या उतरला, मैदान ओलांडून गेला आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. पुढून एका बसलेल्या घशानं तेराचा पाढा सुरू केला, आणि रांग उसात शिरली.