पत्रिकेतला नवरा

“जावईबापू, पत्रिका सुरेख झालीय,” होणारे सासरे फोनवर म्हणाले. “फक्त तिच्यात नवरा दिसत नाही.”

निनादने स्वतः बनवलेली ऑनलाइन पत्रिका घाईने उघडली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एकट्या कौमुदीचं लग्न होतं.

चूक त्याच्या लगेच ध्यानात आली. पत्रिका नावं लिंकमधूनच उचलत होती आणि लिंकमध्ये त्याने दोघांची नावं मधे & घालून लिहिली होती; ते चिन्ह त्याला लग्नाच्या गाठीसारखं वाटलं होतं. पण वेबच्या पत्त्यात ते गाठ मारत नाही, तोडतं. त्याच्यापुढचं नाव पत्रिकेपर्यंत पोचलंच नव्हतं. आठ वर्षं प्रोग्रामिंग करून स्वतःच्याच लग्नात तो एन्कोडिंग, म्हणजे अशी चिन्हं संकेतांत बदलणं, विसरला होता.

त्याने नावं एन्कोड केली. एकेका अक्षराजागी टक्क्यांची चिन्हं आणि आकडे आले, लिंक मारुतीच्या शेपटीसारखी वाढली, पण कौमुदीशेजारी निनाद उभा राहिला. नवी लिंक त्याने आधी वडिलांना दाखवली.

वडील गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा सावरून ती शेपटी टोकापर्यंत वाचली.

“एवढे टक्के दहावीला पडले असते,” ते म्हणाले, “तर नवरा पत्रिकेतून गळला नसता.”