टेकडीचं नाव

“टेकडीचं नाव सांगा, आजी. शेवटचं विचारतो.”

नोखवेझीनं ओठ घट्ट मिटले. तंबूत माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या तोंडावर. टेबलापाशी जमीन परत देणारा अधिकारी मकालिमा, पुढ्यात लाखेनं बंद केलेलं पाकीट. पाकिटात गोऱ्या मोजणीदाराचा जुना नकाशा होता, टेकडीचं खरं नाव तेवढं त्यावरच उरलं होतं. नंतरच्या नकाशांवर ती नुसती ‘रूइकोप’, गोऱ्यांच्या भाषेत लाल टेकडी. खरं नाव जिच्या तोंडून येईल, तिचा दावा खरा. नियम अगदी साधा.

साधा कसला डोंबलाचा! टेकडीला तिच्या सासऱ्याचं नाव होतं, आणि सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. त्या नावात गडगडण्याचा शब्द होता. म्हणून पन्नास वर्षं ढग कितीही गडगडले तरी ती ‘वरचा रागावला’ एवढंच म्हणत आली. सरकारी ट्रकमध्ये कोंबून गाव उठवलं, त्या दिवशी छाती पिटून रडतानाही तिनं ते नाव घेतलं नव्हतं. आता भर सभेत घ्यायचं?

“ठाऊक असेल तर सांगेल ना बिचारी!” समोरच्या बाकावरून व्हुयेल्वा म्हणाली. “साहेब, उगाच कशाला म्हातारीला छळता? मी मघाशीच सांगितलं की. डुमेझ्वेनीची टेकडी.”

नोखवेझीच्या अंगावर काटा आला. काय ही बाई! काय ही जीभ!

व्हुयेल्वा म्हणे धाकटी सून. नोखवेझीचा दीर सोन्याच्या खाणीत गेला तो परतलाच नाही. तिकडे त्यानं कुणाशी लग्न लावलं, कोण सांगणार? खोटं म्हणायला पुरावा नव्हता. पण व्हुयेल्वाच्या मागे बसलेला खडीवाला तिनं ओळखला होता. टेकडी हिला मिळाली की महिनाभरात सुरुंग लागणार होते. वर दगडी गोठ्याच्या आवारात नोखवेझीचा नवरा पुरलेला होता. त्याच्या शेजारची जागा तिनं स्वतःसाठी मनात कधीचीच धरली होती.

“आजी?” मकालिमा म्हणाला.

शहरातला माणूस. इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट. त्याला काय कळणार रीत? मामंजी, माफ करा, ती मनात म्हणाली. तुमचं नाव राखते तर तुमचा लेक सुरुंगानं उडतो. तिनं डोळे मिटले. तोंड उघडलं.

“थांबा!” मकालिमानं हात वर केला. मग तो व्हुयेल्वाकडे वळला. “बाई, तुमचं लग्न रीतसर झालं होतं?”

“म्हणजे काय! सासरे स्वतः देजाच्या गाई घेऊन आले होते. सुनेनं कसं वागायचं, सगळं त्यांनीच शिकवलं.”

“सगळं?”

“शपथेवर सांगते.”

“टेकडीचं नाव पुन्हा एकदा सांगा. लिहून घेतो.”

“डुमेझ्वेनीची टेकडी,” व्हुयेल्वा ठणठणीत आवाजात म्हणाली.

मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मकालिमानं लिहून घेतलं, खाली रेघ मारली. मग पाकिटाची लाख फोडून नकाशा उलगडला आणि कितीतरी वेळ पाहत राहिला.

“आजी,” तो म्हणाला, “तुम्ही जरा बाहेर जाऊन उभ्या राहा.”

नोखवेझीला वाटलं, संपलं. टेकडी गेली, नवरा गेला, शेजारची जागा गेली. ती काठीवर भार देऊन उठली. खडीवाला हसला. तंबूच्या दारापर्यंत पोचली आणि तिला राहवलं नाही.

“मला हाकलता, साहेब? मी काय केलं?”

मकालिमा खुर्चीतून उठून उभा राहिला.

“हाकलत नाही, आजी. नोंदीसाठी हे नाव आता मला मोठ्यानं वाचावं लागणार. तुमच्या सासऱ्यांचं आहे ते, तुमच्यासमोर कसं वाचू?”