मिठी

"दुसरं कोणीही मागायला आलेलं नाही," एमॉस प्रुएट फोनवर म्हणाला. "तू देतोयस ते तिघे खेळाडू चांगले आहेत. फक्त थोडा वेळ दे. एक फोन यायचाय, तो झाला की सांगतो."

"कोणाचा फोन?"

"आपल्या व्यवहाराशी त्याचा काही संबंध नाही रे."

ड्वाइट कार्मोडीने फोन ठेवला आणि खो खो हसला. "संबंध नाही म्हणे! थेरड्याला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही."

समोर बसलेली त्याची सहायक लॉर्ना गप्प राहिली. गप्प राहण्यात तिची हयात गेली होती.

मेम्फिसच्या बेसबॉल संघासाठी खेळाडू आणणं, विकणं, बदलून घेणं ही ड्वाइटची नोकरी. आज जुलैची एकतीस तारीख, आणि अदलाबदलीची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. मालकीणबाईंनी सकाळीच त्याला बजावलं होतं. प्रुएटच्या ओमाहा संघाचा फटकेबाज उबिएरा आज आपल्याकडे आला पाहिजे, आणि आपला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हॅल्व्हर्सन कुठेही जाता कामा नये. यातलं एक जरी चुकलं, तर उद्या येऊ नकोस. हॅल्व्हर्सन मिसरूड फुटलेला पोरगा होता, पण साऱ्या गावाची पुढची दहा वर्षं त्याच्या डाव्या खांद्यावर होती.

ड्वाइटच्या मते या धंद्यात दोनच प्रकारची माणसं होती: खोटं बोलणारी, आणि तेवढीही अक्कल नसलेली. ज्याच्या दारात गिऱ्हाईक नाही तो दहा असल्याचं सांगतो, आणि ज्याच्या दारात आहे तो कोणीच नाही म्हणतो. खेळाडूंबद्दल तर त्याला बाजारातल्या वांग्यांइतकीही माया नव्हती. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचं मनगट गेलंय, हे त्याला तोंडपाठ असे. कोणाच्या घरी कोण आहे हे विचारायला तो काही पाद्री नव्हता. गेल्या वर्षी त्याने एकाला बापाच्या दफनाच्या दिवशीच विकलं होतं आणि वर सांगितलं होतं, "काळा कोट अंगात आहेच, तसाच विमानात बस."

"लुईव्हिल संघाचाच फोन असणार," तो म्हणाला. "जूनमध्ये तेही उबिएराला मागत होते. बदल्यात त्यांच्या ब्रॅनिगनला देतील. म्हाताऱ्याचा त्या पोरावर केव्हापासून डोळा आहे. नाताळच्या सुमारास दोघांना मी एका हॉटेलात जेवताना पाहिलंय. स्वतःच्या ताटातलं मांस कापून त्याला वाढत होता, बावळट!"

"बरोबर एक मुलगी होती म्हणाला होतात ना?"

"असेल कोणीतरी. तिला बॅट धरता येते का?"

भिंतीवरच्या टीव्हीवर लुईव्हिलचा सामना चालू होता. ड्वाइट बार्बेक्यूचं सँडविच खात त्याकडे बघत होता. एकाएकी त्याचं चावणं थांबलं.

ब्रॅनिगनची बॅटिंगची पाळी होती, आणि प्रशिक्षकाने भलत्यालाच मैदानात पाठवलं होतं. ब्रॅनिगन खेळाडूंच्या बाकांपाशी, डगआउटमध्ये, उभा होता आणि सगळा संघ एकेक करून त्याला मिठ्या मारत होता. मुदतीच्या दिवशी सामना अर्धा टाकून मिठ्या मारतात त्या एकाच कारणासाठी. पोरगं विकलं गेलं. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"रडतोय बघ, गाढव!" ड्वाइट ओरडला. एकजण ब्रॅनिगनच्या खिशात सिगार खोचत होता. "जाणाऱ्याला निरोप देतानाही माकडचाळे! मी सांगत नव्हतो? तो फोन आला. म्हाताऱ्याने सौदा केला!"

"पाच मिनिटं थांबू या, सर," लॉर्ना म्हणाली. "ते स्वतः फोन करतो म्हणालेत."

"थांबायला मी काय बस स्टॉपवर उभा आहे?"

सँडविचच्या हातांनीच त्याने फोन लावला.

"अरे, मी तुलाच लावत होतो," प्रुएटचा आवाज थरथरत होता. "ऐक, तुझे ते तिघे..."

"तिघांचं सोडा. सगळं कळलंय मला. तिघे, आणि वर हॅल्व्हर्सन."



"ड्वाइट, मी हॅल्व्हर्सनला मागितलेलं नाही."

"तेच तर तुमचं कसब! हो की नाही, एवढंच सांगा."

"मिळतंय ते नको म्हणायला मी काही साधू नाही. हो."

लॉर्नाने डोळे मिटून घेतले. दोन्हीकडून होकार लीग कार्यालयात गेला, नोंद झाली, आणि पाच वाजले. आता देव आला तरी ती बदलता येणार नव्हती. मालकीणबाई संतापतील, पण उबिएराने चार होम रन मारले की हॅल्व्हर्सन कोण हे त्यांना आठवणारही नाही, असा ड्वाइटने हिशेब केला. लुईव्हिलच्या तोंडचा घास त्याने काढला होता. आता म्हाताऱ्याच्या जखमेवर थोडं मीठ चोळल्याशिवाय त्याला झोप लागली नसती.

"ब्रॅनिगनचं मात्र वाईट वाटतं हं, एमॉस," तो गोड आवाजात म्हणाला. "बिचारा सामना सोडून, रडून भेकून निघालाय. त्याला आता काय सांगणार?"

"निघाला? टीव्हीवर दिसला का?" म्हाताऱ्याला हसूही येत होतं आणि रडूही. "बरं झालं, म्हणजे अंधार पडायच्या आत हॉस्पिटलमध्ये पोचेल. अरे, फोन आला ना मघाशी, माझ्या लेकीला मुलगा झाला! पंधरा दिवस आधीच आला लबाड, बापाला सामना अर्धा टाकायला लावला त्याने. बाळ झाल्याचा एक सिगार तुलाही पाठवतो, ड्वाइट. पत्ता उद्याही तोच असेल ना?"